हिलालआबांनी चहाचं कौतुक केलं

वॉर्डात भांडणारा पेशंट मला पहिल्यापासून आवडतो. सुई टोचली म्हणून ओरडणारा, डाळ पातळ आहे म्हणून ताट सरकवणारा, तुमच्या दवाखान्यात पंखासुद्धा धड नाही म्हणून माझं डोकं खाणारा. नव्या मुली वैतागून यायच्या, अक्का, तो कोपऱ्यातला फार बोलतो हो. मी म्हणायची, बोलू दे बाई, बोलतोय तोवर मला त्याची काळजी नाही. भांडायला दम लागतो. दम आहे म्हणजे आत बरंच काही जागेवर आहे.

धुळ्यात आणि जळगावात मिळून माझी सगळी नोकरी मेडिसिनच्या वॉर्डात गेली. ऑपरेशनवाले वेगळे, बाळंतिणी वेगळ्या. आमच्याकडे यायची ती अचानक बिघडलेली मोठी माणसं. कुणाला धाप लागलेली, कुणाचा ताप डोक्यात गेलेला, कुणी फवारणी करता करता वावरात पडलेला. लोकांना वाटतं, नर्स म्हणजे सुई आणि सलाईन. लग्नकार्यात भेटले की हात पुढे करणार, सिस्टर, आमची नस कुणाला सापडत नाही हो. अहो, नस काय, हात बसला की कुणालाही सापडते. खरं काम असतं ते बघण्याचं. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषधं लिहितात आणि पुढच्या वॉर्डात जातात, त्यांना जावंच लागतं. पेशंटजवळ पूर्ण पाळीभर आम्ही असतो. तेव्हा हा माणूस सकाळी होता तसाच आहे का, हे मनाशी सारखं विचारत राहायचं, हीच आमची खरी नोकरी. आणि तो तसा नसेल तर डॉक्टरांना नेमकं सांगायचं. ‘साहेब, मला त्याचं काही बरं दिसत नाही’ म्हणून भागत नाही. ‘सकाळी उठून बसत होता, आता मान धरत नाही’ असं सांगावं लागतं. मग डॉक्टर हातातला घास टाकून येतात.

धुळ्याला असताना एक शेटजी होते आमच्याकडे. घराणं मूळचं राजस्थानचं, किराण्याचं मोठं दुकान, बोलणं असं मऊ की रागवायची सोय नाही. लघवीत जंतू झाले म्हणून भरती होते. मे महिन्याची दुपार, भिंतीला हात लावला तर चटका बसेल अशी, आणि शेटजी अगदी संकोचून म्हणाले, ‘बहेनजी, पंखा जरा बंद कराल का?’ थर्मामीटर लावला, ताप नाही. दुसरी कुणी असती तर पंखा बंद करून निघून गेली असती. पण मी धुळ्याची मुलगी. मे महिन्यात पंखा नको म्हणणारा माणूस मी तरी जन्मात पाहिला नव्हता. पाय चाचपले तर गारठलेले, नाडी नुसती धावतेय. मी डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. ते येऊन उभे राहतात तोच शेटजींना अशी थंडी भरली की खाट हलायला लागली, आणि बी.पी. धाडकन खाली आलं. सलाईन, औषधं, सगळी पळापळ झाली, पण वेळेवर झाली. पुढे कितीतरी वर्षं मी दुकानात गेले की शेटजी गादीवरून उठायचे आणि आधी माझ्यासाठी पंखा लावायचे.

हे सगळं सांगायचं कारण असं की हल्ली मशीनं चांगली आली आहेत. बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनचा आकडा, दंडाला पट्टा बांधला की बी.पी.चा आकडा. मी मशीनच्या विरुद्ध नाही. उलट ती नव्हती तेव्हा आम्ही काय काय अंदाजानं केलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पण मशीनला कालचा माणूस ठाऊक नसतो. तो आपल्याला ठाऊक असतो, आणि आपल्याहून जास्त त्याच्या घरच्यांना. मला हे पुरतं कळलं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, जळगावला, हिलालआबांच्या वेळी.

हिलालआबा चोपड्याकडचे. केळी आणि कापूस, घरचं बऱ्यापैकी चाललेलं. उंच, वाळलेले, मिशा पिवळ्या पडलेल्या, कारण जन्मभर विडी. फुप्फुसं पार खलास. दर हिवाळ्यात धाप लागायची, त्या वर्षी जरा जास्तच लागली, म्हणून मुलानं, प्रवीणभाऊनं, गाडीत घालून आणलं. सोबत सून, आशावहिनी. जळगावात तिच्या भावाचं घर होतं, तिथून ती सकाळ-संध्याकाळ थर्मासमध्ये चहा आणि डब्यात भाकरी आणायची. त्यांच्या घरात अजून जुनी रीत. सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देणार नाही आणि त्यांच्याशी थेट बोलणार नाही. आबांना काही विचारायचं असलं तर मला म्हणायची, अक्का, विचारा ना, भाकरी कुस्करून देऊ का. आणि आबा माझ्याकडे बघून तिला उत्तर द्यायचे. मी मधे पोस्टमनसारखी.

आबा म्हणजे माझ्या आवडीचा पेशंट. आल्या दिवसापासून भांडण. मास्क टोचतो. उशी कडक आहे. ही गोळी कालची नाही. दोन शब्दांत एक श्वास घ्यावा लागायचा, तरी बोलणं थांबवत नसत. आणि चहा आला की कप नाकाशी नेऊन म्हणणार, ‘हाऊ चहा शे?’ हा काय चहा आहे? साखर कमी, नाहीतर साखर जास्त, नाहीतर पाणीच पाणी. आशावहिनी पदराआड गप्प. पण सगळा चहा प्यायचे हं.

आता यातली धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तुमच्याआमच्या शरीराला ऑक्सिजन भरपूर लागतो, आकडा अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव असतो. पण विडीनं फुप्फुसं जाळलेल्या अशा काही माणसांच्या शरीराला वर्षानुवर्षं थोडक्यात भागवायची सवय झालेली असते. त्यांना नव्वदच्या आसपास ठेवायचं, बस. जास्त ऑक्सिजन दिला तर बरं वाटण्याऐवजी उलटं होतं. वापरलेली हवा बाहेर न जाता आत साठत राहते, रक्तात भिनते, आणि ती हवा गुंगी आणते. म्हणून आबांचा ऑक्सिजन अगदी बेतानं लावलेला होता. डॉक्टरांनी प्रवीणभाऊला समजावलं, मी दोनदा समजावलं. त्यानं मान हलवली. पण कोरोनापासून घरोघरी बोटाचा चिमटा आलेला, आणि नव्वद म्हणजे धोका हे लहान पोरालाही पाठ झालेलं. प्रवीणभाऊची नजर दिवसभर त्या आकड्यावर खिळलेली असायची. एकोणनव्वद झाला की माझ्याकडे यायचा, नव्वद झाला की परत जाऊन बसायचा.

भरती केल्यावर दोनेक दिवसांनी दुपारी मी राउंड घेत आबांच्या खाटेशी आले. सगळीकडे आनंदीआनंद. चुलतभाऊ, भाचे, गावचे दोघे-तिघे खाटेभोवती. मशीनवर आकडा नव्याण्णव. आबांची धाप बसलेली, चेहऱ्यावर गुलाबी झाक, उशीला टेकून शांत पडलेले. मला पाहून हसले आणि म्हणाले, ‘माय, बस ना जराशी.’ प्रवीणभाऊ तर खूश होऊन पाहुण्यांना सांगत होता, बघा, आबा एकदम क्लास झाले. भिंतीवर ऑक्सिजनचा जो काचेचा नळीसारखा मीटर असतो, त्यावर कुणीतरी आपलं उपरणं वाळत घातलेलं. आमच्याकडे भिंतीतून काहीही बाहेर आलेलं दिसलं की ती खुंटीच. मी म्हटलं ते काढा आधी, आणि नाडी बघायला आबांचा हात धरला. हात गरम, घामेजलेला. नाडी टपटप, भरभरून. नाडी बघण्याच्या निमित्तानं आम्ही खरं तर श्वास मोजत असतो, म्हणजे पेशंटला कळत नाही. श्वास फार सावकाश वाटला. पण धाप बसली म्हणजे सावकाश होणारच, असंही मनात आलं.

तेवढ्यात आशावहिनीनं माझा पदर हलकेच ओढला आणि मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. डोळे असे चमकत होते की मला वाटलं घरी काही गोड बातमी आहे. हळू आवाजात म्हणाली, ‘अक्का, आज आबा म्हननात, चहा चांगला व्हयना.’ आबा म्हणाले, चहा चांगला झाला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. तेही सगळ्या पाहुण्यांसमोर. आणि दोनदा म्हणाले. तिला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि नवऱ्याला असलं सांगायची सोय नाही, म्हणून मला.

ती हसत होती आणि मला तिच्याबरोबर हसवेना.

मी तशीच आत गेले. आबांना म्हटलं, आबा, दोन्ही हात समोर करा, पंजे वर, रस्त्यात गाडी थांबवतो तसे. त्यांनी केले, आणि पंजे पाखराच्या पंखासारखे खाली पडत, वर जात राहिले. आज वार कोणता आबा? हसले. कुठे आहात? म्हणाले, घरीच आहे ना. आणि डोळे मिटायला लागले. मी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. उपरणं काढलेलं होतं आणि ऑक्सिजन वाढवला की वर चढणारी मीटरमधली गोळी पार वरच्या टोकाला जाऊन नाचत होती. आमच्यापैकी कुणी ती तिथे नेणं शक्यच नव्हतं. मी प्रवीणभाऊकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

ऑक्सिजन एकदम बंद करायचा नसतो, तेही तितकंच वाईट. मी तो बेतावर आणला, आबांना ताठ बसवलं, सारखी हाक मारत राहायला एका मुलीला जवळ उभं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. वय, आजार, ऑक्सिजन चुकून वाढला आहे, श्वास मंद, हात फडफडतात, वार सांगता येत नाही. आणि शेवटी म्हटलं, साहेब, आज त्यांनी सुनेच्या चहाचं कौतुक केलंय. आमचे डॉक्टर वयानं लहान, पण कान शाबूत असलेला माणूस. हसले नाहीत. आलोच, म्हणाले. मनगटातून रक्त घेतलं, साठलेली हवा किती आहे ते कळलं, आणि श्वासाला जोर देणारं मशीन आबांच्या तोंडाला घट्ट मास्क बांधून लावलं. पाहुण्यांना मी बाहेर काढलं. चांगला झालेला माणूस तुम्ही बांधून काय ठेवता म्हणून भाचा माझ्याशी भांडला. माझी तीन वाक्यं आबांसाठी राखून ठेवलेली होती. डोळे उघडा. माझा हात दाबा. श्वास सोडा, आबा, सोडा.

पाळी संपली तरी मी थांबले. संध्याकाळी दुसरं रक्त तपासलं, आकडे परतायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, झोपले असते तर अवघड होतं, अक्का. मी पॅसेजमध्ये आले तर प्रवीणभाऊ जमिनीवर बसलेला, पाठ भिंतीला, एवढा मोठा बाप्या. गावात ठिबकचं काम त्याच्यासारखं कुणाला येत नाही, असं त्याच्याच माणसांनी मला सांगितलं होतं. कुणाच्या वावरात पाण्याचा दाब कमी पडला की त्यालाच बोलावतात. कॉक बघितला की त्याचा हात आपोआप जायचाच. मी चिडलेली होते, खूप चिडलेली होते, काय काय बोलायचं ते तयार करून आले होते. तो मान वर न करता म्हणाला, ‘कोरोनामां मायले भेटना नही, अक्का. म्हनीसन आबाले भरपूर दिधा.’

आईला मिळाला नाही, म्हणून बापाला भरपूर दिला. मी त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. गुडघे तेव्हाही दुखत होते, पण बसले. म्हटलं, भाऊ, केळीच्या बुडाशी पाणी साचलं तर तू काय म्हणतोस? म्हणाला, मुळं सडतात. मग म्हटलं, तसंच आहे हे, आबांना ठिबकच लागतो, पाट नाही. एवढं डॉक्टरांनी आणि मी दोनदा सांगितलेलं, पण या वेळी ते आत गेलं. आणि मग मी त्याला कामाला लावलं. म्हटलं, आता त्या मीटरवर नजर तुझी. गोळी मी ठेवलीय तिथून हलली तर मला हाक मारायची, आणि कुणी हात लावायला आलं तर तूच अडवायचं. एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, ज्यानं वाढवला त्यालाच राखणीला बसवता? म्हटलं, हो, त्याच्याएवढं कुणीच लक्ष देणार नाही. आणि खरंच, त्यानं पुढे आपल्या सख्ख्या मामालासुद्धा त्या भिंतीजवळ फिरकू दिलं नाही. उपरणं तर सोडाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरले तर दारापासूनच आवाज. आबांनी मास्क ओढून काढला होता आणि ही काय गाढवाच्या तोंडाला बांधायची मोरखी आहे का, म्हणून बांधणाऱ्या मुलीला झापत होते. मी बाहेरच उभी राहून दोन मिनिटं ऐकलं. एवढं गोड काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. आकडा नव्वद. उशी कडक. पोहे थंड. प्रवीणभाऊ हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम.

नोकरीत मला एक खंत राहिली, ती इथेच सांगून टाकते. बघायला वेळ लागतो, आणि वेळच कधी पुरा पडला नाही. एका सिस्टरच्या वाट्याला इतकी माणसं की खाटेजवळच्या स्टुलावर बसलं तर दुसरीकडे कुणीतरी घसरतंय. पॅसेजमध्ये ओढून नेऊन काहीतरी सांगू बघणाऱ्या किती आशावहिन्यांना मी ‘आलेच हं’ म्हणून पुढे गेले असेन, देव जाणे. ती त्या दुपारी माझा पदर ओढायला धजली, हे आबांचं नशीब.

पण तिचं तोंड उतरलेलं होतं. दोन दिवस मी बघत होते. सगळे खुशीत, आबा आता घरी जायचे, आणि ही गप्प. चहा ओतायची, आबा म्हणायचे, ‘हाऊ चहा शे?’, आणि ती कप ठेवून मागे सरकायची. शेवटी घरी जायच्या दिवशी मी तिला विचारलं, वहिनी, काय झालं? म्हणाली, ‘अक्का, त्या दिनले आबा चहा चांगला म्हननात, ते बी आजारमुळेच का?’

मला फार वाईट वाटलं. हा माणूस जगेल का, हे मला जन्मभर लोकांनी विचारलं, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला येतं. हे कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत तिला मिळालेलं एक कौतुक, आणि मी ते लक्षण म्हणून डॉक्टरांना देऊन टाकलं होतं. नाही हो, तसं काही नाही, असं म्हणता आलं असतं. पण त्याच वाक्याला मी कशी घाबरले, ते तिनं समोर उभं राहून पाहिलं होतं. तिनं विश्वास ठेवला नसता.

मी तिचा हात धरला आणि खाटेशी घेऊन गेले. आबा टोपी घालून तयार बसले होते. म्हटलं, आबा, जायच्या आधी तपासणी. आज वार कोणता?

‘माले येडा समजस का?’ आबा म्हणाले. मग म्हणाले, बुधवार.

बुधवारच होता. कुठे आहात? जळगावला, दवाखान्यात, आणि तुमच्या पंख्याला आवाज येतो. ही कोण? म्हणाले, मनी सून शे, आशा. मी त्यांना हात पुढे करायला लावले, पंजे वर. एकदम स्थिर. प्रवीणभाऊ पिशव्या उचलता उचलता थांबला.

मग मी विचारलं, ‘आबा, ही चहा कसा करते?’

आबा माझ्याकडे बघेनात, तिच्याकडे तर नाहीच. मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता उडवून लावतात.

‘रोज पेस ना मी,’ रोज पितो ना, असं ते भिंतीकडे बघत म्हणाले. ‘खराब चहा कोणी रोज पेस का?’

मी वहिनीकडे वळले. म्हटलं, ‘ऐकलंत ना? माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. मी स्वतः तपासलंय.’

आशावहिनीनं पदर तेवढा आणखी पुढे ओढला. मग तिनं थर्मास उघडला आणि आबांनी न मागताच त्यांचा कप काठोकाठ भरला, आणि आबांनी साखर कमी आहे, साखर कमी आहे, असं म्हणत तो सगळा संपवला.